झोपेचा अर्धा चमचा

देवासमोर उभी राहिले तरी ह्या एका गोष्टीला मी वळसा घालून जाते. गुडघेदुखीचं सांगते, मुलाच्या बदलीचं सांगते, सुनेचं थोडं गाऱ्हाणंही घालते — आणि हात जोडून मागे फिरते. नवऱ्याला माहीत नाही. नाशिकरोडला माझी सख्खी बहीण राहते, माझी सगळी गुपितं तिच्या पोटात आहेत, पण हे नाही. मग तुम्हालाच हे लिहून का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर ह्याही वेळी मी हवापाण्याच्या गप्पा मारून उठले असते.

मी पाळणाघर चालवते. सिडकोत, आमच्या रो-हाउसच्या खालच्या खोलीत. एकवीस वर्षं झाली. आसपासच्या बऱ्याच बायका अंबडच्या कारखान्यांत कामाला जातात, सकाळी सव्वाआठची गाडी चौकात उभी राहते, त्याच्या आधी पोरं माझ्या दारात. दहा-बारा असतात कायम. मला सगळे काकू म्हणतात — मुलं, त्यांच्या आया, त्यांचे बाप, कोपऱ्यावरचा मेडिकलवालाही.

आणि ह्या काकूंचं नाव कशासाठी होतं, सांगू? दुपारच्या झोपेसाठी. एक ते तीन माझ्याकडे चिडीचूप. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, इथे मुलं आहेत की नाहीत. आया कौतुकानं म्हणायच्या, आमच्याकडे रविवारी डोळ्याला डोळा लावत नाही, काकूंकडे मात्र शहाण्यासारखं झोपतं. मी हसून म्हणायचे, सवयीचा भाग आहे हो, शिस्त लागते. पण आतून मला ते फार आवडायचं. फारच. माणसाला कशाचा गर्व होईल सांगता येत नाही; मला दुसऱ्यांची पोरं झोपवण्याचा होता.

दारावर मी एक पाटी लावली होती. स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत — सर्दी, खोकला, ताप असलेल्या मुलांना पाठवू नये. आता मला सांगा, ज्या बाईनं खाडा केला की सुपरवायझर चारचौघांत तोंड सोडतो, ती बाई अशी पाटी वाचून काय करणार? ती मुलाला घरी ठेवते? छे. ती सकाळी साडेसातला त्याला औषध पाजते, नाक पुसते, पावडर लावते आणि हसतमुखानं माझ्या दारात आणून सोडते. आठ ते बारा मूल टुणटुणीत. बाराला खोकला परत सुरू. तोवर आई अंबडला.

हे मला ठाऊक होतं का? होतं. इतक्या वर्षांत न कळायला काय झालं? मुलाच्या तोंडाला त्या औषधाचा गोड वास यायचा. पण त्यांनी लपवायचं आणि मला दिसत नाही असं मी दाखवायचं, असा आमचा न बोलता ठरलेला व्यवहार होता. विचारलं असतं तर मूल परत पाठवावं लागलं असतं, नाहीतर पाटी उतरवावी लागली असती. मी दोन्ही केलं नाही.

प्रतिभाची ओवी माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. प्रतिभा मूळची पेठकडची, सासर वणीजवळचं, आणि आता नवरा, सासू, मुलगी असा संसार आमच्या मागच्याच गल्लीत. एका कारखान्यात पॅकिंगला होती. बोलायला लाजरी, पण कामाची फार हौस. कारखान्याचा तो निळा कोट घालून ती गाडीकडे धावत निघाली की मला तिचं बरं वाटायचं. सासूला ती नोकरी पसंत नव्हती, हे गल्लीला माहीत होतं.

ओवी गोड होती. गोड म्हणजे — आता खरं बोलायचं ठरवलंय तर खरंच बोलते — मला ती दुपारी एक ते तीन अजिबात गोड वाटायची नाही. ती झोपायचीच नाही. पाय आपटायची, शेजारच्याच्या नाकात बोट घालायची, मध्येच उठून गाणं म्हणायची. तिच्यामुळे एक उठायचा, मग दुसरा, मग सगळं गोकुळ. मी थोपटून थोपटून थकायचे. इतक्या वर्षांची शिस्त एवढ्याशा पोरीनं धुळीला मिळवली होती. तुम्हाला हसू येईल, पण मला तिचा राग यायचा. दोन वर्षांच्या मुलीचा राग — मोठ्या बाईला.

मी मुद्द्यावर येत नाहीये, नाही का? कळतंय मला. आणखी थोडं आजूबाजूचं सांगून मग येईन असं मनात आहे, आणि आजूबाजूचं काही संपत नाही.

जानेवारी होता. पाच वर्षांपूर्वीचा. तुम्ही नाशिकची थंडी बघितली असेल तर सांगायला नको. पहाटे नळाच्या पाण्यात हात घालवत नाही आणि झाडून सगळ्या पोरांची नाकं वाहतात. माझ्या मदतीला एक बाई येते, ती त्या आठवड्यात गावी गेली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. ती असती तर मी ते तिच्या नकळत केलं असतं, एवढाच फरक.

माझ्या नवऱ्याला त्या थंडीत कोरडा खोकला झाला होता. मेडिकलमधून त्यांनी एक बाटली आणली होती, हिरव्या औषधाची. चिठ्ठी नाही, काही नाही. खोकल्याचं द्या म्हटलं, त्यानं दिलं. ते घेतलं की त्यांना गाढ झोप लागायची. सकाळी उठवायला हाका माराव्या लागायच्या. बाटली स्वयंपाकघरात, तुपाच्या बरणीमागे.

आता लक्षात आलं ना?

त्या दिवशी मी पहिल्यांदा दिलं नव्हतं. हे वाक्य मी मनात शंभर वेळा म्हटलंय आणि आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. ओवीला त्याआधी तीनदा दिलं होतं. ओवीच्या आधी, काही वर्षांपूर्वी, आणखी एका मुलीला. थोडंसं, अर्धा चमचा, चहाच्या चमच्यानं. माझा हिशेब साधा होता: मोठ्या माणसाला दोन चमचे, तर लहानाला अर्धा. कोण सांगत होतं मला हे? कुणी नाही. आमच्या आईनं आम्हाला असंच वाढवलं, असं मी स्वतःला सांगायचे. आणि ओवीला थोडा खोकला असायचाच, त्यामुळे औषध खोकल्यासाठी दिलं असं म्हणायला जागा होती. पण खोकल्यासाठी दिलं नव्हतं. झोपेसाठी दिलं होतं.

त्या दिवशी सकाळी प्रतिभा आली ती घाईत. ओवी तिच्या खांद्यावर मान टाकून होती. "काकू, जरा कणकण हाय वाटतं, पण खोकला नाय बरं का," असं ती न विचारता म्हणाली. न विचारता म्हणाली म्हणजे खोकला होता. मी पाटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि ओवीला घेतलं.

सकाळभर ओवी सुस्त होती. मला ते बरंच वाटलं. साडेबाराला वरणभात भरवला, दोन घास खाल्ले. मग खोकला सुरू झाला, चेहरा लालबुंद होईस्तोवर. एक वाजला. मुलं आडवी झाली. ही खोकतेय, कण्हतेय, रडतेय, आणि एकेक जण मान वर करून बघतोय. मी स्वयंपाकघरात गेले. बरणीमागची बाटली काढली. अर्धा चमचा दिला.

वीस मिनिटं झाली तरी ती रडतच होती. मी परत आत गेले आणि आणखी अर्धा दिला. दुसऱ्यांदा चमचा भरताना मी मोजलं नाही. अर्धा होता की भरलेला होता, मला आजही सांगता येणार नाही.

मग ती झोपली. सगळी झोपली. मी पेपर वाचत बसले.

तीनला मुलं उठायला लागली. दूध, बिस्किटं, शू, सगळा गोंधळ. ओवी उठली नाही. राहू दे म्हटलं, आजारी आहे, झोपू दे. साडेतीनला हलवलं. मान एका बाजूला कलंडली. हाक मारली, गालावर पाणी मारलं, पायाच्या तळव्याला चिमटा काढला — नुसती कुं असा आवाज. श्वास चालू होता, पण दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं, आता पुढचा येत नाही. माझी पाचावर धारण बसली. शेजारच्या वहिनींना हाक मारली, मुलं त्यांच्या अंगावर टाकली, आणि रिक्षा करून तिला छातीशी धरून मुलांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले होते. प्रतिभाला फोन मी रिक्षातूनच केला. काय बोलले आठवत नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी ओवीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नर्सला ऑक्सिजन लावायला सांगितला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हिला कुठलं औषध दिलंय का? काहीही असेल तर सांगा. मी रागावणार नाही."

त्यांनी खरंच असं म्हटलं होतं. रागावणार नाही.

माझं तोंड उघडलं. मला वाटत होतं, मी आता सांगणार आहे. आणि जे बाहेर पडलं ते असं: "नाही हो. मी कुणाच्या मुलांना औषध देत नाही. आईनं सकाळी काही दिलं असेल."

ऐकलंत? नुसतं नाही म्हणून थांबले नाही मी. आईचं नाव घेतलं. इतक्या झटकन घेतलं, की ते कुठेतरी तयारच असावं. त्या क्षणी डोळ्यांपुढे काय होतं, तर पोलीस, गल्लीतल्या बायका, बंद झालेलं पाळणाघर, लोक काय म्हणतील. समोर मुलगी पांढरीफटक पडलेली, आणि मला माझ्या पाटीची काळजी.

पाऊण तासानं प्रतिभा आली. कारखान्याची टोपी डोक्यावर तशीच. डॉक्टरबाईंनी तिलाही तेच विचारलं, आणि ती ताबडतोब बोलली. पहाटे एकदा दिलं, निघताना पुन्हा एकदा, घरातल्या चमच्यानं, मेडिकलमधून आणलेलं लाल औषध. एका श्वासात सगळं सांगितलं. तिचा नवरा घरून ती बाटली घेऊन आला. डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, हे झोप आणणारं औषध आहे, चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असं इथे लिहिलंय. मी मागे उभी राहून ते नाव वाचलं.

पण त्यांचं समाधान होत नव्हतं. मला दिसत होतं ते. सकाळी साडेसातला दिलेल्या औषधानं संध्याकाळी इतकी गुंगी का, हे त्यांना जुळत नव्हतं. अंगात थोडा ताप होता. त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. "काकू, नक्की काही नाही ना? दुपारी काही?" मी मान हलवली. नाही. ही दुसरी संधी होती. लोकांना एक मिळत नाही, मला दोन मिळाल्या.

साडेपाचला मी घरी आले, मुलांना घ्यायला पालक येणार होते. सगळी मुलं गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन हिरवी बाटली काढली. चष्मा लावला. प्रतिभाच्या औषधाचा रंग लाल, माझ्या औषधाचा हिरवा. तिच्यावर वेगळं नाव, माझ्यावर वेगळं. आणि मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, तेच औषध. डॉक्टरबाईंनी बोट ठेवलेलं तेच नाव. तिनं सकाळी दोनदा दिलं ते आणि मी दुपारी दोनदा दिलं ते एकच होतं, आणि माझं तर मोठ्या माणसांसाठीचं. तोपर्यंत मला निदान शंका म्हणायची सोय होती. आता ती राहिली नाही.

मी बाटली हातात घेऊन उभी असतानाच फोन वाजला. प्रतिभा होती.

"काकू, डॉक्टर म्हणत्यात मेंदूत काही झालंय का बघायचं, पाठीतनं पाणी काढायचं म्हणत्यात. सुई टोचून. सही मागत्यात. लय भ्या वाटतंय. काय करू काकू?"

आता इथे थांबते जरा.

तिनं सासूला विचारलं नव्हतं, नवऱ्यावर सोडलं नव्हतं. मला विचारलं होतं. आणि त्या पाण्यात काही सापडणार नाही, हे सबंध नाशिकमध्ये फक्त मला माहीत होतं. उत्तर माझ्या हातात होतं — शब्दशः हातात, हिरव्या काचेत. एवढंच म्हणायचं होतं की थांब, सही करू नकोस, डॉक्टरांना फोन दे. किती शब्द होतात हे?

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात तर कर गं सही. त्यांना जास्त कळतं."

फोन ठेवला. बाटली मोरीत रिकामी केली, धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा ओल्या कचऱ्याखाली दडवून टाकली. नवऱ्यानं औषध कुठंय म्हणून विचारलं, मी म्हटलं संपलं. त्यांना वाटलं, इतक्यात कसं संपलं. पण ते अशा गोष्टींत डोकं घालत नाहीत.

साडेसातला मी चहाचा थर्मास घेऊन दवाखान्यात गेले. घरी बसवेना. मी पोचले तेव्हा आत नेमकं तेच चाललं होतं. प्रतिभाला बाहेर थांबवलं होतं. ती भिंतीला कपाळ टेकून उभी होती. आतून एकदाच ओवीचा आवाज आला, किंचाळल्यासारखा, आणि मग बारीक रडणं. ते रडणं ऐकून मला काय वाटलं असेल? मला सुटल्यासारखं वाटलं. रडतेय म्हणजे शुद्धीवर येतेय, म्हणजे मरत नाही, म्हणजे मी वाचले. ह्याच क्रमानं वाटलं. कुणाला तरी मी हे खोटं न बोलता सांगायला हवं होतं, म्हणून सांगतेय.

पाण्यात काही निघालं नाही. सकाळपर्यंत ओवी उठून बसली आणि बिस्कीट मागू लागली. डॉक्टरबाईंनी मग प्रतिभाला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून नीट समजावलं. सर्दी-खोकल्याची ही औषधं एवढ्या लहान मुलांना आपल्या मनानं द्यायचीच नाहीत. दोन वेगवेगळ्या बाटल्यांत एकच औषध असू शकतं. मोठ्यांचं औषध कमी करून लहानांना चालत नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषधही घरच्या चमच्यानं नाही, सोबतच्या मापानंच. मूल सुस्त झालं, श्वास वेगळा वाटला, तर वाट न बघता घेऊन यायचं, आणि काय दिलं ते खरं सांगायचं. मी शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. सगळ्यांत जोरात माझीच मान हलत होती.

प्रतिभाची सासू कॉटच्या पायथ्याशी बसली होती. ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नोकरीपायी पोरीला गुंगीचं पाजलं हिनं. आई हाय का वैरीण?" प्रतिभा नुसते स्वतःचे हात बघत बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही टायमावर आणली म्हणून. माझ्या हातानं तर गेलीच व्हती."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अगं होतं असं, म्हटलं. तुला काय माहीत. असं मी तिला म्हटलं.

पुढचं गल्लीला माहीत आहे तेवढंच आहे. प्रतिभाची नोकरी सुटली, सोडावी लागली. ओवी घरी राहू लागली. सुरुवातीला बायका कुजबुजायच्या, मग विसरल्या. मी मात्र दारावरची पाटी उतरवली आणि दुसरी लावली, की मुलाला कुठलंही औषध दिलं असेल तर आधी सांगावं, आजारी मूल असलं तरी परत पाठवणार नाही. घरातल्या औषधांना कुलूप आणलं. नव्या आयांना मी पहिल्या दिवशी बसवून सगळं सांगते, माप दाखवते, बाटलीची मागची बाजू वाचायला लावते. दुपारी ज्याला झोप येत नाही त्याला मांडीवर घेऊन बसते, मग बाकीचे उठले तरी चालतं. लोक म्हणतात, औषधांच्या बाबतीत काकू फार कडक. एकदा अंगणवाडीच्या ताईंनी मला चार बायांसमोर बोलायलाही उभं केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बोलले, छान बोलले, शेवटी टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मला उलटी झाली.

हे सगळं करून काही फिटतं, असं मला वाटत असेल का? सुरुवातीला वाटायचं. अजून एका आईला सांगितलं की जरा हलकं वाटायचं. आता तेही होत नाही.

कारण प्रतिभा येते.

ओवी आता दुसरीत आहे, ठणठणीत आहे. तिला काही आठवत नाही. तिच्या पाठीवर कसलीच खूण नाही, मी एकदा आंघोळ घालण्याच्या निमित्तानं बघितलं होतं. तिला धाकटी बहीण झाली आहे, जुई, दीड वर्षाची. आणि प्रतिभाच्या घरात तेव्हापासून एक रीत पडली आहे, की औषधाच्या बाटलीला प्रतिभानं हात लावायचा नाही. सासू देते, नाहीतर नवरा देतो. पहिल्यांदा हे सासूनं ठरवलं. मग हळूहळू ते प्रतिभालाही पटलं. तेच मला सगळ्यात जास्त लागतं. तिला खरंच वाटतं की तिच्या हातात काहीतरी वाईट आहे.

मागच्या हिवाळ्यात एकदा सकाळी अकराच्या सुमाराला ती जुईला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. हातात पिशवी. सासू वणीला गेली होती, नवरा ड्यूटीवर. जुईला ताप होता, डॉक्टरांनी तपासून औषध लिहून दिलं होतं, किती आणि कधी ते चिठ्ठीवर होतं, बाटलीबरोबर मापाचं टोपणही होतं. काही चुकण्यासारखं नव्हतं. दहावी पास आहे ती.

"काकू, तुम्ही वता ना," ती म्हणाली. "माझा हात कापतो. तुमच्या हाताचा भरवसा हाय मला."

मी बाटली घेतली. चिठ्ठी दोनदा वाचली. टोपण खिडकीजवळ नेऊन डोळ्यांसमोर धरलं आणि रेघेपर्यंत औषध ओतलं, एक थेंब जास्त नाही. जुईनं तोंड वेंगाडलं, पण प्यायली. प्रतिभानं माझ्या हाताला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला.

तेव्हा सांगता आलं असतं. मुलं खालच्या खोलीत मदतीच्या बाईजवळ होती, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं असंही मी म्हणू शकत नाही, नव्हतं आलं. मी चहा टाकला.

त्यानंतर तिला कधी अडलं की ती माझ्याकडेच येते. काल सकाळीही आली होती. जुईला पुन्हा सर्दी-ताप आहे, आज-उद्या दोन्ही दिवस अकरा वाजता डॉक्टरांचं औषध द्यायला ती तिला माझ्याकडे आणणार आहे. तिनं बाटली माझ्याकडेच ठेवून दिली आहे, म्हणाली घरी नको. आत्ता साडेदहा झालेत.